त्या वेळी घरात आणखी कोण होते

किविरान्ना,
१२ ऑक्टोबर १९३६

आदरणीय सालमे मावशी यांस,
सादर नमस्कार.

आपण धाडलेल्या तीनशे प्रश्नांची तीनशे उत्तरे सोबतच्या पेटीत आहेत. प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. चिठ्ठ्या पिंपाच्या फळ्या मोजायची पट्टी लावून कापल्या, म्हणून सगळ्या सारख्या आहेत. दोनशे अकरा क्रमांकाची तेवढी केसभर आखूड आहे. कागद उरला नव्हता. क्षमा असावी.

आपण माझ्या आईच्या मावसबहीण. तरीही तार्तूच्या विद्यापीठात, गावोगावचे शब्द जमवणाऱ्या शब्दभांडारात बसणाऱ्या विदुषीला पत्र लिहिताना मी आधी कच्चे लिहून पाहतो. वडील समुद्रात गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर शाळा नाही. हेरिंग मासा भरायची पिंपे बनवतो. पण शब्दकोश माझ्याकडे आहे. या पत्रातला प्रत्येक शब्द त्याच्याशी तीन वेळा ताडून पाहिला.

आपल्या सूचना मी भिंतीवर चिकटवल्या होत्या. गावात जन्मून गावातच म्हातारे झालेल्या माणसाला विचारावे. वस्तू दाखवावी, शब्द आपण उच्चारू नये. ऐकू येईल तेच लिहावे, पदरचे काही घालू नये. अशी व्यक्ती आमच्या गावात एकच, सगळ्यांची लेनू आजी. वय अठ्ठ्याहत्तर. याच गावात जन्मली आणि तीन घरे सोडून नांदायला गेली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे चर्च.

तिला बसवणे सोपे नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "स्वतः शाळा सोडलीस आणि आता मला म्हातारीला शाळेत बसवतोस होय रे?" मी टेबलावर हात ठेवून विचारले, "याला काय म्हणता?" तर म्हणाली, "डोळे गेले का तुझे? बाविशीतच?" पण सोबत्यांचा आठवडा होता. ती खुशीत होती, घरात बिअर होती, त्यामुळे आठ दिवसांत तीनशेही प्रश्न पूर्ण झाले.

सोबत्यांचा आठवडा म्हणजे काय, हे आपल्याला दक्षिणेत ठाऊक नसेल. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराचे समुद्रापलीकडे, फिनलंडच्या बाजूला एक सोबत्याचे घर असते. पणजोबांपासून चालत आलेले. शरद ऋतूत ते खारवलेले हेरिंग घेऊन येतात आणि राय धान्य व बटाटे घेऊन जातात. आठवडाभर आपापल्या सोबत्याच्या घरी राहतात. लेनू आजीकडे लेप्पासारी बेटावरचा एफ्राइम येतो.

काही चुकले असल्यास कृपया खरमरीत शब्दांत कळवावे.

आपला नम्र,
ओस्वाल्द


तार्तू,
३ नोव्हेंबर १९३६

प्रिय ओस्वाल्द,

खरमरीत शब्द हवेत ना? घे. तुझी पेटी उघडली आणि आमच्या इथले दोन पदवीधर कारकून लाजून खिडकीबाहेर बघायला लागले. एवढ्या स्वच्छ चिठ्ठ्या मी सहा वर्षांत पाहिल्या नाहीत. दोनशे अकरावी मी मुद्दाम शोधून काढली. केसभर आखूड आहे खरी. मी ती चुंबली आणि जागेवर ठेवली.

आणि मावशी म्हणतोस तर "विदुषी" कशाला? विदुषी असते तर माझ्या खोलीत शेगडी असती.

आता ऐक, या चिठ्ठ्यांचं मी काय करते. शंभर शब्द घेते, ज्यांच्यावाचून कुठल्याच घराचं चालत नाही असे. मग दोन गावं शेजारी मांडते आणि शंभरांत किती ठिकाणी शब्द वेगळा पडतो ते मोजते. बस्स, एवढंच. फरक कमी, तर गावं जवळची. फरक जास्त, तर लांबची. रस्ता किती मैल, मध्ये दलदल की समुद्र, पूर्वी जमीनदार कोण होता, हे काही विचारायचं नाही. माझ्याकडे आता एकशे चाळीस गावं आहेत. पार दक्षिणेच्या किनाऱ्यावरचे लिव्ह जमातीचे कोळी आहेत, पूर्वेकडचे व्होट लोक आहेत, ज्यांच्या एका खेड्यात भाषा बोलणाऱ्या चारच म्हाताऱ्या उरल्यात. माझ्या स्वतःच्या आजोळचं डोंगरातलं गावही आहे. त्याचे आकडे पाहून कळलं की माझी आई इथल्या शेजारणींशी का भांडायची. शंभरातले अठ्ठेचाळीस शब्द वेगळे!

आकड्यांवरून गावं आपोआप गोळा होतात, लग्नात माणसं आपापल्या माणसांत जाऊन बसतात तशी. कोणी कोणाजवळ बसायचं हे मी सांगत नाही. मी फक्त मोजते. आणि प्रत्येक वेळी थक्क होते.

आता तुझं गाव. किविरान्ना आणि सोसालू, दलदलीपलीकडचं तुमचं शेजारचं गाव: एक्केचाळीस फरक. किविरान्ना आणि लेप्पासारी बेट, मध्ये चाळीस मैल समुद्र: फक्त बारा!

मी तीनदा मोजलं. बेडकाला आपला सगळा देश 'कोन्न' म्हणतो. तुझी लेनू म्हणते 'सम्माक्को', फिनलंडमधल्यासारखं. ओस्वाल्दा, तुझं गाव या किनाऱ्यावर उभं आहे, पण बोलतं त्या किनाऱ्याचं. हे आजवर कोणी दाखवलं नव्हतं.

तुझी,
सालमे मावशी


किविरान्ना,
२० नोव्हेंबर १९३६

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

आपले पत्र मी इतक्या वेळा वाचले की घडीवर कागद विरला. मागून दुसरा कागद चिकटवला आहे.

मला वाटत असे की शब्द म्हणजे समुद्रावरचा फेस. आज इथे, उद्या तिथे. आता कळले की त्यांना लाकडासारख्या रेषा असतात. पिंपाची फळी हातात घेतली की तिच्या रेषांवरून झाड कुठल्या उतारावर वाढले ते मला सांगता येते. आपल्याला एका बेडकावरून गावाचे आजे-पणजे कळतात. हे मी आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, "सालमेला लहानपणीही बटणं रंगांप्रमाणे लावायची खोड होती." पण ती ऐकत राहिली. चुलीवर दूध उतू गेले.

मी स्वतःही मोजून पाहिले. आमच्या घरात पस्तीस भांडी व हत्यारे आहेत. त्यांची नावे मी सोसालूच्या, गाड्यांची चाके बनवणाऱ्या चाकवाल्याला विचारली. तो म्हणाला, "तुझं डोकं ठीक आहे ना रे?" पण त्याने उत्तरे दिली. फरक चारच निघाले. पस्तीसांत चार म्हणजे आपल्या आकड्यांपेक्षा फारच कमी. अर्थात माझी पद्धत चुकली असेल. मी कोण मोजणारा? आपले आकडे शंभर शब्दांचे आहेत.

लेनू आजीला बातमी सांगितली. "म्हणजे मी परदेशी ठरले म्हण की," असे म्हणून ती खूप हसली. मग म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, एकदा माझ्या घरी येऊन बस म्हणावं. कागदावरून माणूस कळत असता तर मी पाद्रीबोवाशीच लग्न केलं असतं."

आपला नम्र,
ओस्वाल्द


तार्तू,
१८ जानेवारी १९३७

प्रिय ओस्वाल्द,

घाईत लिहिते. नकाशा छापायचं ठरलं! प्राध्यापकांनी तुझ्या चिठ्ठ्या स्वतः पाहिल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. पाच एप्रिलला मोठ्या दालनात मी निबंध वाचणार आहे. फिनलंडचे विद्वानही येणार आहेत. सहा वर्षं मी इथं हंगामी आहे, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये मला घरी पाठवता येतं. या निबंधावर माझी कायमची नेमणूक ठरेल, असं मला स्पष्ट सांगितलंय.

आणि सगळ्या निबंधाचा कळस कुठला? एक लाल रेघ, दोन बोलींमधली सीमा. ती समुद्राच्या मधून येते आणि सगळ्यांना वाटतं तशी समुद्रातच थांबत नाही. जमिनीवर चढते, तुमच्या गावामागच्या दलदलीतून जाते आणि किविरान्नाला पलीकडच्या किनाऱ्यात टाकते. इथं सगळे तिला "ओस्वाल्दची रेघ" म्हणतात.

तू यायचंच. मी तुला पहिल्या रांगेत बसवणार आहे. चाकवाल्याचं मनावर घेऊ नकोस. हत्यारांची नावं बाजारातून येतात, ती धरायची नसतात.

तुझी मावशी


किविरान्ना,
१२ फेब्रुवारी १९३७

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

निमंत्रणाबद्दल ऋणी आहे. येणे जमेल असे वाटत नाही. पिंपांचे काम आहे.

एक विचारायचे होते. आमच्या धंद्यात भरलेले पिंप गळते निघाले तर ते उघडतात आणि फळ्या सोडवून पुन्हा बांधतात. त्यात बनवणाऱ्याचे नाव जाते, पण मासा वाचतो. छापायला दिलेल्या नकाशाचे तसे करता येते का? सहज विचारले. आणि कितव्या दिवसापर्यंत?

आपला,
ओस्वाल्द


तार्तू,
२२ फेब्रुवारी १९३७

वेड्या,

कळलं मला. कोट नाही ना तुझ्याकडे? शिकलेल्या लोकांत बसायची लाज वाटते, म्हणून पिंपांचं निमित्त. माझ्या भावाचा निळा कोट तुझ्या मापाचा आहे, बूटही देईन. आणि भीती कसली? त्या दालनातल्या निम्म्या लोकांना बटाटा कुठल्या महिन्यात काढतात ते माहीत नाही.

नकाशाचं विचारलंस. वीस मार्चला तो छापखान्यात छपाईच्या दगडावर चढतो. दगडावरची रेघ खोडता येते, पण कोणी खोडत नाही. खोडणाऱ्यावर परत कोणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा गळक्या पिंपांची काळजी तू कर, माझं पिंप घट्ट आहे.

कोटाच्या बाह्या किती लांब हव्यात ते कळव.

तुझी मावशी


किविरान्ना,
९ मार्च १९३७

आदरणीय मावशी यांस,

कोट नको. पिंप गळके आहे. ते मीच बनवले आहे.

हे पत्र मी चार वेळा लिहून जाळले. वीस मार्चच्या आत आपल्याला मिळावे म्हणून शेवटी आज स्वतः गाडीच्या स्टेशनापर्यंत नेऊन टाकत आहे. घडले ते क्रमाने लिहितो.

चार फेब्रुवारीला मी लेनू आजीची बादली दुरुस्त करायला गेलो होतो. ती एकटीच होती. काम झाल्यावर तिने टोपलीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "आईसाठी कार्तुल घेऊन जा थोडे." कार्तुल म्हणजे बटाटे. आम्ही सगळे तेच म्हणतो. पण माझ्या मनात लगेच सत्तेचाळीस क्रमांकाची चिठ्ठी उभी राहिली. तिच्यावर 'पेरुना' लिहिले आहे. माझ्याच अक्षरात.

मी म्हणालो, "आजी, ऑक्टोबरात मी बटाटा दाखवला तेव्हा तुम्ही पेरुना म्हणाला होता."

"म्हणाले असेन. एफ्राइम बसला होता ना चुलीपाशी."

"म्हणून काय झालं?"

"काय झालं म्हणजे?" तिने विणकाम खाली ठेवले. "माणूस चाळीस मैल समुद्र ओलांडून येतो. हाडं गारठलेली असतात. आणि त्याच्यासमोर मी माझेच शब्द वाढू? त्याला त्याच्या घरचा शब्द नको द्यायला? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का तुला?"

शिकवले होते मावशी, तेच तर. सोबत्यांच्या आठवड्यात आम्ही सगळे तसेच बोलतो. मीही बोलतो. लहानपणापासून बोलतो, त्यामुळे ते कानाला खटकतच नाही. घरात सोबती असला की दाराशी बूट काढून ठेवावे तसे आम्ही आपले शब्द बाजूला ठेवतो. मी ऐकू आले तेच लिहिले, पदरचे काही घातले नाही, आणि तीनशेच्या तीनशे चिठ्ठ्या पाहुण्याच्या शब्दांनी भरल्या.

मी दुरुस्त केलेल्या बादलीच्या फळ्या पुन्हा मोजू लागलो. आजी म्हणाली, "असा पांढरा का पडलास? आणि काय रे, तो काय म्हणत होता ते नाही लिहिलंस?"

"कोण?"

"एफ्राइम! तो कार्तुल म्हणत होता की. माझ्या घरात आला की तो माझा शब्द बोलतो, त्याच्यासाठी मी त्याचा बोलते. त्याचे आजोबा आणि माझी आजी असेच बोलायचे. तू आपला माझ्याच तोंडाकडे बघून लिहीत होतास. अर्धं बोलणं चुलीपाशी बसलं होतं."

मावशी, मला आठवले. ते दोघे आठ दिवस माझ्यासमोर एकमेकांचे शब्द एकमेकांना देत होते. मी टाक बुडवत होतो.

त्या दिवशीच लिहायला हवे होते. मी भ्यालो. आपण मला काढून टाकाल, हे पहिले भय. शब्दभांडाराला शब्द कळवणाऱ्या वार्ताहराचे ओळखपत्र मी बायबलमध्ये ठेवतो. त्याच्यावाचून मी फक्त पिंपे बनवणारा आहे. दुसरे भय आपल्या नेमणुकीचे. मग वाटले, कोणाला कळणार आहे? लेनू आजी तार्तूला येणार नाही. हाही विचार मी केला, तो लपवत नाही. पण आपण "मी फक्त मोजते" असे लिहिले होते. आपल्या मोजण्यात माझे खोटे शिरले तर आपली एकशे चाळीस गावे चुकीच्या माणसांत जाऊन बसतील.

म्हणून अकरा दिवस लेनू आजीच्या घरी रोज गेलो. ती एकटी असतानाच. मध्येच कोणी आले तर थांबलो. तीनशेही प्रश्न पुन्हा विचारले. ती म्हणाली, "याच्यापेक्षा माझ्याशी लग्न कर, निदान जेवण तरी मिळेल." नव्या चिठ्ठ्या सोबतच्या पेटीत आहेत. नोव्हेंबरच्या पत्रासोबत आपण पाठवलेल्या याद्यांशी ताडून शंभर शब्दांचे फरक मी मोजले आहेत. सोसालूशी तेरा. लेप्पासारीशी चौतीस. लाल रेघ समुद्रातच थांबते. आमच्या दलदलीत ती कधीच नव्हती.

एक गोष्ट आणखी, तिला बहुधा किंमत नाही. जुन्या आणि नव्या चिठ्ठ्या मी फळ्या लावतो तशा दोन ढिगांत लावल्या. शब्द बदलला तो एका ढिगात, तसाच राहिला तो दुसऱ्यात. बदललेल्यांत टेबल, बटाटा, मुंगी, लांडगा, बेडूक. सगळे घरातले, शेतातले, रानातले. न बदललेल्यांत एकाहत्तर शब्द होडीचे, जाळ्याचे, वाऱ्याचे आणि बर्फाचे आहेत. प्रश्नावलीत तसे एकाहत्तरच होते. पाहुण्यासमोर आणि एकटीने, आजीने ते एकच सांगितले. खाऱ्या पाण्याला लागलेला एकही शब्द बदलला नाही. एफ्राइमचेही तेच आहेत. सोसालूच्या चाकवाल्याला त्यांतले वीस विचारले. त्याला तीन कळले. हे असे का, मला सांगता येत नाही. मी फक्त ढीग केले.

ओळखपत्र आणि आपण मागाहून धाडलेल्या चिठ्ठ्यांपैकी उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या परत पाठवत आहे. मोजून घ्याव्यात, चोवीस आहेत.

आपला अपराधी,
ओस्वाल्द


तार्तू,
८ एप्रिल १९३७

प्रिय ओस्वाल्द,

महिनाभर तुला उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते चांगलं नसतं.

तुझी पेटी तेरा मार्चला आली. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं, त्याही डोंगरातल्या, ज्यांतल्या अठ्ठेचाळीस टक्के तुला कळल्या नसत्या. तुझ्यावर चिडले, लेनूवर चिडले, एफ्राइमला घरी शेगडी नाही का असं भिंतीला विचारलं. तिसऱ्या दिवशी चहा केला आणि तुझ्या सूचनांचा कागद काढला. म्हणजे माझ्या सूचनांचा. त्या मीच लिहिल्यात. कोणाला विचारावं, काय विचारावं, कसं लिहावं, सगळं आहे. घरात आणखी कोण होतं हे लिहा, असं कुठंच नाही. सोबत्यांच्या आठवड्याचं तू मला पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. आठ दिवस, एफ्राइमचं नावसुद्धा. मी ते वाचलं आणि पुढं गेले, कारण मला चिठ्ठ्या मोजायच्या होत्या. चाकवाल्याचंही तू लिहिलंस. तेही मी उडवून लावलं. चार फरक तू बरोबर मोजले होतेस.

मग तुझे ढीग मांडले.

ओस्वाल्दा, तू लिहिलंस की त्याला किंमत नाही. मी दोन दिवस जेवले नाही, एवढी त्याची किंमत आहे. आम्ही सगळे एकच रेघ शोधत होतो, गाव इकडे की तिकडे. तुझ्या ढिगांनी दोन रेघा दाखवल्या. जमिनीच्या शब्दांची रेघ समुद्रात पडते. समुद्राच्या शब्दांची रेघ खरंच तुमच्या दलदलीतून जाते. दोन रेघांच्या मधे एक पट्टी उरते आणि तिच्यात तुमचं गाव आहे. बटाट्याला तुम्ही आमचे, वाऱ्याला त्यांचे.

नकाशा दगडावर चढायच्या आदल्या दिवशी मी प्राध्यापकांकडे गेले. ते काय बोलले ते लिहीत नाही. चष्मा काढला तो परत घातलाच नाही. पण रेघ खोडली. दुसरी काढली, मग तिसरी काढली.

पाच तारखेला मी निबंध वाचला. आधी लेनूच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली, तुझी चूक आणि माझी चूक, दोन्ही. "अर्धं बोलणं चुलीपाशी बसलं होतं," हे वाक्य मी तिच्या नावानं वाचलं. दालन हसलं. फिनलंडचे एक थोर म्हातारे उठले, पांढरी दाढी, हातात काठी. म्हणाले, "लेप्पासारीशेजारच्या बेटाचे शब्द मीच गोळा केलेत, पंचवीस वर्षांपूर्वी." मग काठी दोन्ही हातांत धरली. "माझा नावाडी तुमच्या या किनाऱ्याचा होता. तो सगळा वेळ शेजारीच बसला होता." आणि खाली बसून पाणी मागितलं. आता ते जूनमध्ये परत बेटावर जाणार आहेत, एकटे, स्वतः होडी वल्हवत. वय एकाहत्तर! त्यांना कोणीतरी अडवायला हवं.

नेमणूक झाली नाही. वर्षभर पुढं ढकलली. खोटं कशाला सांगू, दुखलं. पण जूनमध्ये मला घरी पाठवणार नाहीत, एवढं प्राध्यापकांनी जाता जाता सांगितलं. चष्मा घालून.

सोबत तुझं ओळखपत्र. ते माझं नाही, मला कशाला पाठवलंस? कोऱ्या चिठ्ठ्या मोजल्या, चोवीस भरल्या, पण त्या परत पाठवत नाही. त्या रद्द झाल्या. नव्या छापल्यात, त्यांतल्या पहिल्या शंभर तुला. देशभरच्या आठशे वार्ताहरांना याच जातील. खालची ओळ वाच.

कोट ठेवलाय. बाह्या कळव.

तुझी,
सालमे मावशी


किविरान्ना,
१० ऑक्टोबर १९३७

प्रिय सालमे मावशी,
सादर नमस्कार.

नव्या चिठ्ठ्या एप्रिलपासून माझ्याकडे आहेत, पण मी एकही भरली नव्हती. आधी ती ओळ नुसती वाचत असे. छापील अक्षरात: "त्या वेळी घरात आणखी कोण होते?" आईलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढी साधी गोष्ट विचारायला एवढे शिकलेले लोक लागले?" लेनू आजी म्हणाली, "मांजर धरायचं की नाही, ते विचार."

सोबत्यांचा आठवडा काल संपला. या वर्षी एफ्राइम थकलेला होता. हेरिंगची पिंपे त्याच्या नातवाने उतरवली. तो आठ दिवस चुलीपाशी बसून होता आणि मी या खेपेस दोघांच्याही तोंडाकडे पाहत होतो. लिहिले काहीच नाही. ती त्याला 'पेरुना' वाढायची, तो तिचे 'कार्तुल' खायचा. आठ दिवसांत एकदाही कोणी चुकले नाही. मावशी, आपण एकशे चाळीस गावे मोजलीत, पण एवढे नेमके बोलताना कोणाला ऐकले असेल, असे मला वाटत नाही.

काल सकाळी आम्ही त्याला किनाऱ्यावर सोडायला गेलो. होडीत चढण्याआधी त्याने टोपी काढली आणि निरोप घेतला, आमच्या शब्दांत. लेनू आजीने त्याला निरोप दिला तो त्यांच्या शब्दांत. पुढच्या वर्षाबद्दल कोणी बोलले नाही. याआधी दर वर्षी बोलायचे.

नातवाने शीड उभारले. होडी खडकापलीकडे जाऊन लहान झाली. आजी वाळूवर तशीच उभी होती. मग तिने तोच निरोप पुन्हा दिला, हळू आवाजात, समुद्राकडे बघून. या वेळी तिच्या स्वतःच्या शब्दांत.

माझ्या खिशात नवी चिठ्ठी होती. लिहावे की नाही, मला ठरवता येईना. आजीने वळून पाहिले आणि म्हणाली, "लिही रे. त्यासाठीच तर आलायस."

म्हणून क्रमांक एकची चिठ्ठी सोबत पाठवत आहे. तिच्यावर दोन्ही शब्द आहेत, एकाखाली एक. घर नव्हते, किनारा होता, तरी शेवटची ओळ मी भरली. पहिल्या शब्दासमोर लिहिले: एफ्राइम. दुसऱ्यासमोर लिहिले: कोणी नाही.

मग ते खोडले. आपल्याकडे माझी खाडाखोड आजवर कधी आली नाही, त्याबद्दल क्षमा असावी. पण "कोणी नाही" हे खरे नव्हते. खोडल्यावर त्याच्या शेजारी स्पष्ट अक्षरात लिहिले आहे: ओस्वाल्द.

बाह्या पंचवीस इंच.

आपला,
ओस्वाल्द